पाहुणी नव्हे, भाडेकरू

२ ऑगस्ट, शनिवार

दर दिवाळीला घरात दोन-तीन डायऱ्या येतात. त्यांत आजवर मी गॅसची टाकी कधी लावली आणि दूधवाला कधी चुकला एवढंच लिहीत आले. यंदाची मात्र कामाला लागणार. फार्मसी कॉलेजच्या ऑफिसातला कृष्णात म्हणाला, "काकू, पोरीला जे जे सांगायला लागंल ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी परदेशी पोरींसाठी पुस्तिका काढायची हाय." मी म्हटलं, लिहीन की. सांगलीत अठ्ठावीस वर्षं काढली, मला नाही माहिती तर कुणाला असणार?

तर मंगळवारी आमच्या वरच्या खोलीत टांझानियाची मुलगी राहायला येते आहे. चार वर्षं राहील. लेक श्रद्धा लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ती खोली नुसती झाडायची म्हणून झाडते. दुपारी बारा ते चार घरात एवढी शांतता असते की फ्रीज बंद-चालू झालेला कळतो. त्याचा मला कंटाळा आलाय, हे मी ह्यांना तीनदा सांगितलं.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. "मगदुमांच्या घरात भाडेकरू? उद्या मार्केट यार्डात म्हणतील, श्रेणिक मगदूमचा हळदीचा धंदा बसला वाटतं." मी म्हटलं, म्हणू देत. शेवटी नाही म्हणाले नाहीत, पण हो पण म्हणाले नाहीत. एवढं मला पुरतं.

खरं लिहायचं तर आफ्रिकेची मुलगी म्हटल्यावर मीही जरा बिचकले होते. कशाला ते मलाच नीट सांगता येणार नाही. शेजारच्या चंद्राबाईंनी विचारलं तेव्हा मात्र मी छाती पुढे काढून सांगितलं, त्यात काय एवढं, मुलगी ती मुलगीच.

५ ऑगस्ट, मंगळवार

आली. काल मुंबईत उतरली आणि आज सकाळी मिरज स्टेशनवरून कृष्णात तिला घेऊन आला. नाव नीमा. ऐकून बरं वाटलं, माझी एक मामेबहीण नीमाच आहे. वय वीस, उंच, काडीसारखी. दारातच गुडघ्यात जराशी वाकून काहीतरी म्हणाली. कृष्णातने विचारून सांगितलं की मोठ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, 'मी तुमचे पाय धरते' असा त्याचा अर्थ. श्रद्धाच्या नवऱ्याने चार वर्षांत एकदा केलेला नाही असा नमस्कार. माझं बिचकणं तिथेच संपलं.

आल्या आल्या जेवायला वाढलं. आम्हा जैनांत चातुर्मासात कांदा, लसूण, बटाटा नाही, पण म्हणून कमी का करायचं? शेवयाची खीर, मुगाची उसळ, चपात्या. ताट रिकामं झालं की मी वाढत गेले. सहा चपात्या खाल्ल्या पोरीने. मनात म्हटलं, अंगी लागत नाही पण खाते छान. संध्याकाळी ओकली. फोनमधल्या भाषांतरावर कळलं की तिच्याकडे ताटात वाढलेलं उरवणं म्हणजे वाढणारीचा अपमान. आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसणं म्हणजे वाढणारीचा अपमान. दोघी एकमेकींचा मान राखत बसलो आणि पोरगी आजारी पडली.

पुस्तिकेसाठी: बास झालं की ताटावर आडवा हात धरायचा आणि 'बास' म्हणायचं. एकदा म्हणून उपयोग नाही, तीनदा म्हणायचं.

कृष्णातने जाताना एक कागद दिला. सी फॉर्म म्हणे. परदेशी माणूस घरी उतरला की घरवाल्याने चोवीस तासांत पोलिसांना कॉम्प्युटरवरून कळवायचं. चष्मा लावून वाचला. नाव, गाव, पासपोर्ट, आणि मग 'जाण्याची तारीख'. अजून पोरीच्या बॅगेची चेन उघडली नव्हती. आलेल्या माणसाला उंबऱ्यातच कधी जाणार म्हणून विचारायचं? आमच्या आईने ऐकलं असतं तर थोबाड फोडलं असतं. कागद कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला. जरा रुळू दे, मग विचारू.

६ ऑगस्ट, बुधवार

पुस्तिकेसाठी: नळाला पाणी सकाळी सहाला येतं. पिण्याचं गाळून, उकळून. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. खोलीत अंडंसुद्धा नाही. कपडे गच्चीच्या मागच्या बाजूला वाळत घालायचे. चप्पल दारात. पाळीच्या दिवसांत मला सांगायची गरज नाही, मी विचारणार नाही, देवघर सोडून कुठेही वावरावं.

हे सगळं फोनच्या भाषांतरावरून सांगितल्यावर नीमाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, करायचं काय काय आहे? मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, हे सगळं नाही करायचं ते झालं. मुलगी हुशार आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज नीमाला बसने कसं फिरायचं ते शिकवलं. सिमकार्ड घ्यायचं होतं. मी एरवी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसते, त्यामुळे सिटी बसचा तसा प्रसंग आला नव्हता. नीमाने फोनमध्ये बघून कुठली बस ते सांगितलं, तिकीटही तिनेच काढलं. मी तिला खिडकीशी बसवलं आणि बाहेरचं दाखवलं. गणपती मंदिराकडे जायला कुठे उतरायचं हे मला नक्की माहिती होतं, फक्त दुसऱ्या बाजूने आल्यामुळे एक थांबा पुढे गेलो.

दुकानदार म्हणाला, परदेशी माणसाला इथल्या कुणाचातरी नंबर लागतो ओळखीला. मी माझा दिला. मग त्याने विचारलं, "काकू, पैसे फोनवरून देताय का रोख?" नीमाने माझ्या फोनमध्ये ते पैसे पाठवायचं सुरू करून दिलं. श्रद्धा दोन वर्षं सांगत होती, पण ती भरभर सांगते. पोरगी शांतपणे सांगते. परत येताना मी एकटीने शेंगदाण्याचे पैसे फोनवरून दिले. म्हणजे तिला दाखवायला.

बसमध्ये दोन कॉलेजच्या पोरी न विचारता तिच्याबरोबर फोटो काढायला लागल्या. एकीने तर वेणीला हात लावला. नीमा हसली, पण तोंडाने. डोळे वेगळेच होते. मी त्या पोरींना म्हटलं, "तुमच्या वेणीला मी हात लावू का, बायांनो? इचारावं की आधी." सगळी बस बघायला लागली. लागू दे.

पुस्तिकेसाठी: फोटोला नको म्हटलं तर चालतं. रिक्षावाल्याला आधी भाडं विचारायचं. आणि वडापमध्ये, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये, शेवटच्या बाकावर बसायचं नाही, गुडघे जातात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ह्यांच्या दोन्ही बहिणी आल्या. नीमाला बघून चकित. ह्यांनी सांगितलं, "नाशिकच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीतली हाय. पाहुणी म्हणून ठिवलीय. पैशाचा काय संबंध न्हाई." कुणी नाशिकचा नाही आणि काही नाही. मी पुरणाच्या पोळ्या लाटत होते. बोलले नाही. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे शिकूनच आपण या घरात आलो.

११ ऑगस्ट, सोमवार

पोरगी जेवत नाही. 'बास' शिकली ती बासच म्हणत बसते. आज दुपारी वर गेले तर गादीवर पालथी पडून रडत होती. आईशी बोलणं झालं होतं. जवळ बसले. खूप वेळ पाठीवरून हात फिरवल्यावर म्हणाली, उगाली. म्हणजे काय? फोनवर चित्र दाखवलं, मक्याच्या पिठाचा पांढरा घट्ट गोळा. रोज तेच जेवतात, भाजीला लावून.

एवढंच ना? पांढरा मका आणला, डबा भरला आणि दोघी गिरणीत गेलो. गिरणीवाला केरबा म्हणतो, "वैनी, आत्ताच बाजरी दळलीय, जरा थांबा, मूठभर मका सोडून टाकतो न्हाईतर काळं यील." थांबलो. तिला म्हटलं, हे लिही, गिरणीत आधी काय दळलंय ते विचारायचं. तिने घरी येऊन स्वतः रटरटत्या पाण्यात पीठ हाटलं. घट्ट हाटायला हातात जोर लागतो, आमच्या पिठल्यासारखं नाही. ताटात घेऊन हाताने मळून भाजीत बुडवून खाल्लं, आणि मान खाली घालून खातच राहिली. मलाही दिलं. आळणी लागलं. मी दोनदा घेतलं.

आज तिने पहिल्यांदा 'बास' म्हटलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज माझी चूक उघडी पडली. कृष्णातचा फोन. "काकू, सी फॉर्मचा नंबर द्या की. नीमाची नोंदणी अडून बसलीय." मी म्हटलं, कसला नंबर? मग त्याने सगळं सांगितलं. देशात उतरल्यापासून चौदा दिवसांत परदेशी विद्यार्थ्याची पोलिसांकडे नोंदणी व्हायला लागते. म्हणजे अठरा तारखेपर्यंत. त्याला सी फॉर्म लागतो आणि घराचा करार लागतो. नोंदणीचा कागद नसेल तर तिची शिष्यवृत्ती सुरू होत नाही, आणि ती सुरू नाही झाली तर कॉलेज प्रवेश ठेवत नाही. तिच्या घरच्यांची फी भरण्याची ऐपत नाही. म्हणजे माझ्या कॅलेंडरमागच्या कागदापायी पोरगी विमानात बसून परत.

कॉलेज सुटल्यावर तिला समोर बसवलं आणि विचारलं, बाई, तू जाणार कधी? मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, दोन हजार एकोणतीसचा जून, परीक्षा झाल्यावर. एका दमात. तिने येण्याआधीच मोजून ठेवलं होतं. आणि मी आठवडाभर तिचा मान राखत बसले होते. फॉर्म दोघींनी मिळून तिच्या लॅपटॉपवर भरला.

कराराचं ह्यांना सांगितलं. "पाहुण्यासंगं कसला करार?" म्हणाले. पण मग काय वाटलं कोण जाणे, दुकानाच्या लेटरहेडवर स्वतः पत्र लिहून कृष्णातकडे पोचतं केलं. मला वाचून दाखवलं. 'सदर विद्यार्थिनी आमच्या घरी पाहुणी म्हणून राहात असून आम्ही तिच्याकडून एक पैसाही घेत नाही.' अक्षर अजून किती सुंदर आहे ह्यांचं. शेवटी मनाने चांगला माणूस. बरं झालं, एक काम उरकलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उरकलं कसलं, उकरलं.

अर्ज परत आला. कृष्णात घरीच आला, चहाही घेतला नाही. कॉलेजचं पत्र म्हणतं मुलगी भाड्याने राहते. ह्यांचं पत्र म्हणतं पाहुणी. आणि लाइटबिलावर मालक म्हणून नाव तिसरंच, गुणमाला श्रेणिक मगदूम. पोलिसांनी विचारलंय, ह्या कोण?

ह्या मी. घर घेताना ह्यांच्या धंद्याच्या कर्जात ते अडकू नये म्हणून माझ्या नावावर घेतलं होतं. तेव्हा सही केली आणि विसरून गेले. घरपट्टी हे भरतात, लाइटबिल हे भरतात.

सोमवारी सगळ्यांनी पोलीस मुख्यालयात हजर व्हायचं, मालकाने नोंदणी केलेला करार आणायचा, आणि पत्र लिहिणाऱ्यानेही यायचं. सोमवारीच अठरा तारीख. मधे पंधरा ऑगस्ट, शनिवार, रविवार.

ह्यांना म्हटलं, आवं, ते पत्र मागं घ्या. तर म्हणाले, "लिहून दिल्यालं मागं घिऊ? उद्या यार्डात माझ्या शब्दाला काय किंमत ऱ्हाईल? तुझ्या हौसंपायी मला खोटं पाडतीस व्हय?" मी म्हटलं, माझी हौस न्हाई ही, पोरीचं शिक्षाण हाय. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला माझ्या हातून. नीमा जिन्यात उभी होती. तिला मराठी कळत नाही, पण भांड्यांचं कळलं असणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हे बोलत नाहीत. मीही नाही.

नीमा विचारत होती, मी दुसरीकडे खोली बघू का, तुमच्या घरात भांडण नको. मी म्हटलं, आता तू हललीस तर सगळे कागद परत पहिल्यापासून. बस इथे. रागावून म्हटलं, पण ती हसली. पोरगी इथून हलणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.

१६ ऑगस्ट, शनिवार

करार झाला. मी ऑफिस शोधत फिरणार होते, तर कळलं की हल्ली अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. धुळा नावाचा मुलगा, बोलका. मला म्हणाला, "मालक कुठं हायत?" मी म्हटलं, यार्डात गेल्यात. "मग करार कसा करायचा?" मी लाइटबिल पुढे केलं. त्याने वाचलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि टाइप करायला लागला. 'घरमालक: सौ. गुणमाला श्रेणिक मगदूम.' मी दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं मी याच घरात केर काढते आहे.

धुण्याभांड्याने अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, मशीन घेईना. धुळा म्हणाला, काकू, खोबरेल लावा. लावलं, पुसलं, पाचव्यांदा घेतलं. नीमाने टाळी वाजवली.

पुस्तिकेसाठी: राहायला जायच्या आधीच करार मागून घ्यायचा. घरवाली कितीही प्रेमाने नको म्हणाली तरी.

१८ ऑगस्ट, सोमवार

दमलेय, पण आजच लिहायचं.

सकाळी हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. स्कूटरवर मी बसले नाही. नीमा आणि मी बसने गेलो.

मुख्यालयात परदेशी लोकांचं टेबल एका बाई हवालदाराकडे आहे. समोरच्या बाकावर कोण बसलेलं असावं? यार्डातले जयराज शेठ, मुलाच्या पासपोर्टच्या कामाला. ह्यांना बघून उठले, "काय मगदूम, इकडं कुठं?" ह्यांचा चेहरा उतरला.

हवालदारबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा करार, एक ह्यांचं पत्र. "ह्यातलं खरं कुठलं?" जयराज शेठ ऐकत होते. हे घसा साफ करून म्हणाले, "त्याचं असं हाय, ती आमची पाहुणी..."

मी मधेच बोलले. चार लोकांत ह्यांचं बोलणं मी कधी तोडलेलं नाही. "पत्र चुकीचं हाय. ही पोरगी माझी भाडेकरू हाय. घर माझ्या नावावर हाय आणि भाडं मी घेती. ह्यांनी मानापायी लिवलं, वाईट मनानं न्हाई."

नीमाने माझा हात धरला होता, तिचा घाम की माझा कळत नव्हतं.

"मग मालक तुमीच. सी फॉर्म सहा दिवस उशिरा का?" बाईंनी विचारलं.

"जाण्याची तारीख विचारायची हुती त्यात. दारात आल्याल्या पोरीला कवा जाणार म्हणून कसं विचारू? म्हणून ठिवला तसाच. चूक माझी हाय, तिची न्हाई. काय शिक्षा आसंल ती मला लिवा."

हवालदारबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझी आई बी ह्येच करंल," म्हणाल्या. मग कडक होऊन म्हणाल्या, "पण मावशी, आमी जी तारीख विचारतो, ती पोरगी हरवली तर शोधायला बरी. हाकलायला न्हाई." माझ्याकडून खुलासा लिहून घेतला, समज दिली. आणि ह्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला. पत्र मागे घेतल्याचं लिहून द्या, नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही.

हे कागदाकडे बघत बसले. घड्याळात साडेबारा. जयराज शेठ जागचे हलले नाहीत, असल्या बाबतीत कुणी हलत नाही. मला वाटलं, आता उठून जातील. मी ठरवलं होतं, गेले तरी मी इथून उठायची नाही.

ह्यांनी नीमाकडे बघितलं. मला वाटतं पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. मग खिशातलं पेन काढलं आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'सदर पत्र मी मागे घेत आहे.' सही केली. हवालदारबाई म्हणाल्या, "सहीखाली तुमी कोण ते लिवा." ह्यांनी एक क्षण थांबून लिहिलं, 'घरमालकाचे पती'.

अर्ज दुपारी दोनला पुढे गेला. चौदाव्या दिवशी.

येताना हे म्हणाले, "बस स्कूटरवर." मी म्हटलं, तिला एकटीला कशी सोडू. हे स्कूटरवरून बसच्या मागून मागून आले.

२० ऑगस्ट, बुधवार

नीमाचा नोंदणीचा कागद आला. तिने आधी आईला फोन लावला, मग मला मिठी मारली. तिच्या आईला माझ्याशी बोलायचं होतं. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. दोघी रडलो, काय बोललो कुणास ठाऊक.

संध्याकाळी कृष्णात आला. हे बाहेर झोपाळ्यावर होते, मी आत भाजी निवडत होते. कृष्णात ह्यांच्यापाशी बसून हळूच म्हणाला, "काका, अजून एक पोरगी हाय. मलावीची, नीमाच्या शेजारच्या देशातली. वसतिगृहात जागा न्हाई. वरची दुसरी खोली द्याल का, इचारायला आलोय." माझी गवार हातातच राहिली. त्या खोलीत ह्यांची हळदीच्या नमुन्यांची पोती असतात, तिथे ते कुणाला झाडूही मारू देत नाहीत.

झोपाळ्याची कुरकुर थांबली. "मला काय इचारतोस गड्या?" हे म्हणाले. "मालकीण आत हाय. तिला इचार. आन हळदीची पोती कुठं हलवायची तेवढं मला सांगा म्हणावं."

कृष्णात आत आला. माझ्या तोंडावर सवयीने आलंच होतं, ह्यांना विचारून सांगते. ते गिळलं आणि हो म्हटलं.